दशमीचं पाणी : गोव्यात मोठेपणी रोइंग शिकताना

मांडवीकाठच्या नार्वे गावच्या धक्क्यावरून मी पहिल्यांदा वल्ह्यांच्या बोटीत बसलो तेव्हा माझं वय ४१ होतं. जन्म डिचोली तालुक्यातला. मांडवी आयुष्यभर पाहिलेली, फेरीबोटीतून दिवाडीला शेकडो वेळा गेलेलो. तरी स्वतःच्या हातापायांच्या जोरावर त्या पाण्यावर हातभरही सरकलो नव्हतो. त्या सकाळी धक्क्यावर एक म्हातारे तारी, म्हणजे नावाडी, बसले होते. वल्ही बसवण्याची माझी घाई बघून ते म्हणाले, "आदीं उदक पळय, बाबा. मागीर वल्हें धर." आधी पाणी बघ, मग वल्हं धर.

गेली पाच वर्षं मी शिकतो आहे, आणि मोठेपणी सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला मला हेच सांगायचं असतं. आपण चाळिशीतली माणसं वेळ स्वतः ठरवायला सरावलेलो असतो: सहाला उठायचं, साडेसहाला व्यायाम, आठला आंघोळ. नदीवर ती मुभा नाही. गोव्याच्या नद्या समुद्राच्या श्वासावर चालतात आणि वेळापत्रक त्यांचं असतं. म्हणून या लेखात पाणी आधी येईल, वल्हं नंतर.

हा खेळ नेमका कोणता

गोव्याच्या किनाऱ्यांवर कयाक पावलोपावली दिसतात, त्यामुळे रोइंग म्हटलं की लोकांना तेच वाटतं. कयाकमध्ये वल्हं मोकळं हातात असतं आणि तोंड पुढे असतं. रोइंगमध्ये वल्ही बोटीच्या बाजूंना गेटमध्ये, म्हणजे बंद करता येणाऱ्या कडीत, अडकवलेली असतात, आपण जाण्याच्या दिशेला पाठ करून बसतो आणि बसायची पाटी चाकांवर पुढेमागे सरकते. ती पाटी सरकते म्हणून पायांचा जोर वल्ह्यांपर्यंत पोचतो. बघणाऱ्याला हातांचा वाटणारा हा खेळ मुळात मांड्यांचा आहे.

दोन हातांत दोन वल्ही असली तर स्कलिंग, प्रत्येकाकडे एकच मोठं वल्हं असलं तर स्वीप. मोठेपणी शिकताना स्कलिंगनेच सुरुवात करावी. शरीराच्या दोन्ही बाजूंना सारखं काम पडतं आणि एकट्यालाही सराव करता येतो.

बोटी दोन जातीच्या. शर्यतीची एकट्याची बोट साधारण ८ मीटर लांब, वजनाला १४ किलोच्या आसपास, आणि रुंदीला जेमतेम आपल्या कमरेएवढी. दुसरी किनारी रोइंगची, म्हणजे कोस्टल. एकट्याची कोस्टल बोट जास्तीत जास्त ६ मीटर लांब, किमान ३५ किलो वजनाची आणि किमान ७५ सेंटिमीटर रुंद असते. आत आलेलं पाणी ती आपोआप बाहेर सोडते आणि लाटेवर निमूट बसते. गोव्यात शिकणाऱ्याने शक्य असेल तर कोस्टल बोटच धरावी, असं माझं ठाम मत आहे. आपल्या नद्यांवर फेरीबोटींच्या आणि बार्जच्या लाटा येतात. शर्यतीच्या बोटीत नवख्याचा सगळा वेळ तोल सांभाळण्यातच जातो. आणि कोस्टल म्हणजे दुय्यम प्रकार असंही नाही. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये किनाऱ्यावरून धावत जाऊन बोटीत बसायची बीच स्प्रिंट आहे.

वयाची शंका असेल तर दत्तू भोकनळ आठवा. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यात तळेगाव रोही नावाचं टंचाईचं गाव आहे, तिथल्या विहिरी खणणाऱ्या मजुराचा हा मुलगा. २०१२ मध्ये सैन्यात भरती झाल्यावर पुण्यात त्याच्या हाती वल्हं आलं, आणि २०१६ मध्ये तो रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कल्समध्ये उतरला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या बोटीत सुवर्णपदक. पाण्याशी लहानपणापासून नातं असावंच लागतं, हा समज त्याच्याकडे पाहून सोडून द्यायला हरकत नाही. आपल्याला ऑलिंपिकला जायचं नाही. सकाळी तासभर नदीवर नीट वल्हवता यावं, एवढंच हवं आहे.

शिकवणारे कुठे मिळतील याची चौकशी गोवा क्रीडा प्राधिकरणापासून सुरू करा. २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, त्यात रोइंगही होतं, त्यामुळे हा खेळ माहीत असलेली माणसं इथे आहेत. कुठल्याही गटात जाण्याआधी तीन प्रश्न विचारा. सोबत मोटरची बोट असते का? बोट उलटल्यावर काय करायचं ते पहिल्याच आठवड्यात शिकवता का? भरतीची वेळ बघून सराव ठरवता, की रोज ठरावीक वाजता? तिसऱ्याचं उत्तर "रोज सहाला" असं आलं तर मी तिथे जाणार नाही.

पहिली पायरी : पोहणं

याला फाटा नाही. लाइफ जॅकेट घालायचंच, पण त्याच्या भरवशावर पोहणं टाळायचं नाही. कांपालच्या तलावात किंवा जिथे सोय असेल तिथे दोन-तीन महिने द्या. वेग नको. टी-शर्ट आणि हाफ पँट घालून न थांबता १०० मीटर पोहता आलं पाहिजे, पाच मिनिटं जागच्या जागी तरंगता आलं पाहिजे आणि डोकं वर ठेवून चार-सहा हात मारता आले पाहिजेत. नदीत डोकं खाली घालून पोहून चालत नाही, समोर काय वाहत येतंय ते दिसावं लागतं.

थंड देशांत रोइंग शिकवताना गार पाण्याच्या धक्क्याची भीती घालतात. आपल्याकडे पाणी कोमटच असतं, ती चिंता नाही. आपला धोका प्रवाहाचा आणि उन्हाचा.

दुसरी पायरी : पाणी वाचायला शिकणं

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बोट चालवायला शिकवणारे भेटतात, पाणी वाचायला शिकवणारे कमी.

गोव्यात दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं, म्हणून रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. मांडवी, जुवारी, शापोरा या नद्यांमध्ये समुद्राचं पाणी कित्येक किलोमीटर आत शिरतं. नार्वेला उभे राहून समुद्र दिसत नाही, पण पाणी त्याचंच ऐकतं.

कोकणच्या किनाऱ्यावर कोळी बांधव एक जुना हिशोब सांगतात: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी भरलेलं. दशमीला साडेसात. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. हा हिशोब मुंबईच्या बाजूचा. आपल्या किनाऱ्यावर भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे मुरगावला ती मुंबईच्या आधी लागते. नदीत जितकं वर जाल तितका पुन्हा उशीर होतो. अचूक वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात मुरगाव बंदराखाली मिळते, मोबाइलवरही मिळते. तरी तिथीचा हिशोब डोक्यात असावा. भिंतीवरचं कालनिर्णय बघून पुढच्या महिन्याचा सराव ठरवता येतो.

त्यातली दुसरी गोष्ट अधिक कामाची. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते: पाणी खूप चढतं, खूप उतरतं आणि त्यामुळे जोरात धावतं. अष्टमी-नवमीच्या आसपास भांगाची भरती: चढउतार कमी, प्रवाह मंद. आता दोन्ही हिशोब एकत्र ठेवून बघा. सकाळी सात-आठला नदी काठोकाठ भरलेली आणि जवळजवळ थांबलेली, असं कधी मिळेल? नवमी ते एकादशी, शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांत. पाणी पुरेसं, प्रवाह मंद, ऊन कोवळं. नवख्यासाठी याहून चांगली वेळ नाही. आमच्या गटात याला "दशमीचं पाणी" म्हणतात. नवीन माणसाला पहिल्यांदा बोटीत बसवायचं ते त्याच दिवसांत.

सहा तासांच्या भरतीत पाणी एकसारखं चढत नाही. मच्छीमार आणि खलाशी बारा हिश्श्यांचा हिशोब करतात. पहिल्या तासात एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात पुन्हा एक. म्हणजे मधले दोन तास नदी सर्वांत जोरात असते. उधाणाच्या दिवशी त्या दोन तासांत नवख्याने पाण्यावर असू नये.

आणखी एक: तक्त्यातली वेळ पाण्याच्या उंचीची असते, प्रवाहाची नाही. प्रवाह कधी वळला ते डोळ्यांनीच बघावं लागतं. नांगरलेल्या होडीचं तोंड कुणीकडे आहे ते बघा. एकाच दोरावर असलेली होडी प्रवाहाकडे तोंड करून राहते. जाळ्याच्या खुंटाभोवती पाण्याची शेपटी कुठल्या बाजूला पडते ते बघा. वाहत येणारं पान किंवा नारळाची शेंडी दहा सेकंद नजरेत धरा. कांदळवनाच्या मुळांवर ओल्या चिखलाचा पट्टा पाण्याच्या वर दिसतोय का? दिसला तर पाणी उतरतंय. ते तारी काका मला धक्क्यावर उभं करून पंधरा मिनिटं हेच करायला लावायचे. तेव्हा मला वेळ वाया जातोय असं वाटायचं.

त्याची किंमत पुढे कळली. पौर्णिमेनंतरची द्वितीया होती, शनिवार, ऑफिस लवकर सुटलेलं. साडेतीनला मी एकटाच निघालो. बोट इतकी हलकी धावत होती की हात सुधारला असंच वाटलं. खरं तर ओहोटी मला ओढून नेत होती. पाऊण तासाने वळलो तेव्हा समोरचा एकच माड वीस मिनिटं जागचा हलेना. सूर्य कलला होता. शेवटी मासे मारून परतणाऱ्या एका होडीवाल्या काकांनी दोर टाकला आणि ओढून आणलं. त्या दिवसापासून माझा नियम आहे: जाताना प्रवाहाच्या विरुद्ध, येताना प्रवाहाबरोबर. दमल्यावर नदीने घरी आणलं पाहिजे. हा नियम तुम्हीही पहिल्या दिवसापासून पाळा.

वाऱ्याचंही असंच. आपल्याकडे सकाळी जमिनीकडून हलका वारा असतो, अकरा-बारानंतर समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि दुपारी वाढत जातो. वारा वर येतोय आणि ओहोटी खाली जातेय, अशी गाठ पडली की पणजीजवळच्या रुंद मांडवीत आखूड, उभ्या लाटा उठतात. नऊच्या आत परत फिरलं तर हे सगळं टळतं.

तिसरी पायरी : मशीनवरचा महिना

रोइंगचं मशीन बऱ्याच जिममध्ये असतं. सगळे त्याला अर्ग म्हणतात. बोटीत बसण्याआधी त्यावर किमान चार आठवडे घालवा. बोटीत तोल, दिशा, वल्हं, प्रवाह सगळं एकदम येतं. शरीराच्या हालचालीचा क्रम तोवर अंगवळणी पडलेला असला तर डोकं बाकीच्या गोष्टींना मोकळं राहतं.

मशीनवर बसल्यावर आधी चाकाच्या बाजूची तरफ ३ किंवा ४ वर आणा. ती बहुतेक वेळा १० वर ठेवलेली सापडते. १० वर व्यायाम जास्त होतो हा गैरसमज आहे; जड, सुस्त बोट ओढल्यासारखं होतं आणि कंबर धरते.

आता एक फटका, म्हणजे वल्ह्याची एक पूर्ण ओढ, सावकाश बघू. सुरुवातीला, म्हणजे कॅचला, गुडघे दुमडलेले, नडग्या जवळजवळ उभ्या, हात सरळ, धड खुब्यातून थोडं पुढे झुकलेलं. पाठ गोल नको. भाताचं पोतं जमिनीवरून उचलताना जाणता माणूस जसा बसतो, तसं. मग ड्राइव्ह: फक्त पाय दाबायचे. हात दोरासारखे नुसते ताणलेले, कोपरं वाकवायची नाहीत, धड उघडायचं नाही. मूठ गुडघ्यांवरून गेली की धड मागे येतं, तेही थोडंच. सर्वांत शेवटी हात, मूठ बरगड्यांच्या खालच्या कडेशी. परतीला, म्हणजे रिकव्हरीला, क्रम अगदी उलटा: आधी हात पूर्ण सरळ, मग धड पुढे, मग गुडघे. मूठ गुडघ्यांच्या पलीकडे गेल्याशिवाय गुडघे वर येऊ द्यायचे नाहीत, नाहीतर मुठीला गुडघ्यांवरून उडी मारावी लागते. बोटीत तीच उडी वल्ह्याचं पातं पाण्यात आपटते.

मोठी माणसं दोन चुका हमखास करतात. एक, हातांनी आधी ओढतात. आयुष्यभर जड वस्तू हातांनीच ओढलेल्या असतात ना. दुसरी, पुढे येताना घाई करतात. मिनिटाला २० फटके धरले तर एका फटक्याला तीन सेकंद मिळतात. त्यातला एक सेकंद जोराचा, दोन परतीचे. मी मनात "एऽक, दोन-तीन" म्हणायचो. परतीत दम घ्यायचा असतो, आणि बोटसुद्धा सर्वांत छान धावते ती याच दोन सेकंदांत, कारण तेव्हा तिला कुणी अडवत नसतं.

पहिल्या आठवड्यात तीन दिवस, पाच-पाच मिनिटांचे चार तुकडे, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. चौथ्या आठवड्यापर्यंत सलग २० मिनिटं. फटके मिनिटाला १८ ते २०, शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल एवढाच जोर. पडद्यावरच्या ५०० मीटरच्या वेळेकडे या महिन्यात बघूच नका. रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा त्रास किंवा मणक्याचं जुनं दुखणं असेल तर मशीनवर बसण्याआधी डॉक्टरांना विचारा.

चौथी पायरी : बोटीत

धक्क्यावर जुन्या चपला किंवा बूट घालूनच उतरा. दगडांना आणि मुळांना चिकटलेल्या कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, आणि खाडीच्या पाण्यात झालेली जखम लवकर भरत नाही.

बोट पाण्यात ठेवल्यावर दोन्ही वल्ही गेटमध्ये बसवून गेट घट्ट बंद करा. चढताना दोन्ही मुठी एका हातात एकत्र धरायच्या, पाती पाण्यावर आडवी पसरलेली. पाय फक्त मधल्या मजबूत पट्टीवर. शर्यतीच्या बोटीचा तळ पातळ असतो, तिथे पाय पडला तर आरपार जातो. बसल्यावर बुटांचे पट्टे लावा आणि टाचांच्या दोऱ्या आखूड आहेत ना ते हाताने ओढून बघा. बोट उलटली तर त्या दोरीमुळेच टाच अडते आणि पाऊल बुटातून आपोआप सुटतं. ही तपासणी रोज करायची, पाच वर्षांनंतरसुद्धा.

पहिल्या दिवशी कुठे जायचं नाही. मुठी एकत्र, पाती आडवी: ही तुमची सुरक्षित बैठक. त्या स्थितीत दोन लांब वल्ही होडीच्या उलांडीसारखी आधार देतात. मग एक मूठ जरा वर, दुसरी जरा खाली करा. बोट लगेच कलते. तोल कमरेत नाही, मुठींच्या उंचीत आहे, हे एकदा हातांना कळलं की निम्मी भीती जाते. मधोमध मुठी एकमेकींवरून जातात. डावा हात उजव्याच्या किंचित वर ठेवायची सर्वसाधारण पद्धत आहे.

चालायच्या आधी थांबायला शिका. पाती आडवी असताना हळूहळू उभी करत पाण्यात रोवली की बोट थांबते. मग एका वल्ह्याने वळणं, मग मागे जाणं. त्यानंतरच पुढे: आधी पाय सरळ ठेवून नुसत्या हातांनी, मग हात आणि धड, मग पाटी पाव अंतर सरकवून, मग अर्धं, मग पूर्ण. माझे पहिले सहा दिवस अर्ध्या पाटीच्या पुढे गेले नाहीत, आणि ते बरंच झालं.

मूठ बोटांनी धरायची, तळव्याने नाही, अंगठा टोकावर. फटका संपला की पातं आडवं होतं आणि पुढे जाऊन पुन्हा उभं होतं. हे मनगटाच्या झटक्याने नाही, बोटांत मूठ फिरवून. पातं अर्धवट आडवं असताना पाण्यात शिरलं की ते खोल ओढलं जातं आणि मूठ पोटावर येऊन आदळते. रोइंग करणारे याला क्रॅब म्हणतात. मला त्यानेच पहिल्यांदा पाण्यात टाकलं. क्रॅब लागला तर मुठीशी कुस्ती खेळायची नाही. जोर सोडा, बोट थांबू द्या, दुसरं पातं पाण्यावर आडवं ठेवा. बोट मंदावली की अडकलेलं पातं सुटून वर येतं.

बोट उलटवण्याचा सराव पहिल्याच आठवड्यात करा, छातीएवढ्या पाण्यात, कुणीतरी बाजूला असताना. मुद्दाम उलटा. बोट सोडायची नाही, हा एकच नियम शंभर वेळा घोका: ती बुडत नाही, आणि शोधायला येणाऱ्याला तुमच्या डोक्यापेक्षा ती लवकर दिसते. मग बोट सरळ करायची, दोन्ही मुठी एका हातात एकत्र धरायच्या, दुसरा हात बोटीवर दाबून पायांनी जोरात लाथा मारायच्या आणि पोटावर आडवं चढायचं. जमेपर्यंत करा. मला चार दिवस लागले. त्यानंतर मुठीवरची पकड आपोआप सैल झाली.

आणि मग एका सकाळी, पाती पाण्याबाहेर असताना, परतीच्या त्या दोन सेकंदांत, बोटीच्या तळाखालून बुडबुड्यांचा बारीक आवाज येतो. गार सोड्याची बाटली कानाशी धरावी तसा. तो ऐकू आला की समजा बोट तुमच्या अडथळ्याविना धावते आहे. शिकवणारा पुढे काहीही सांगो, मी अजूनही त्याच आवाजावर फटका बरोबर की चूक ते ठरवतो.

पाठ करून जाताना

दिशेसाठी मागे दिसणाऱ्या दोन खुणा एका रेषेत धरा. मी दिवाडीच्या टेकडीवरचं पांढरं चर्च आणि काठावरचा एक माड धरतो. माड चर्चच्या डावीकडे सरकू लागला की बोट भरकटतेय. दर पाच फटक्यांनी मान वळवून पुढे बघायचंच, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. नदीत आपल्या उजव्या बाजूने चालायचा रिवाज आहे. पाठ करून बसल्यामुळे तो किनारा तुमच्या डाव्या हाताला येतो, हे सुरुवातीला हमखास उलटसुलट होतं.

फेरीबोटीच्या पुढून कधीही जायचं नाही. थांबा, ती जाऊ द्या, मागून जा. मोठी लाट येताना दिसली तर शर्यतीच्या बोटीत वल्हवणं थांबवा, बोट लाटेला समांतर करा आणि सुरक्षित बैठकीत बसा. लाट बोटीखालून निघून जाते. रुंद कोस्टल बोट मात्र लाटेकडे तोंड करून नेता येते. पणजीसमोर कॅसिनोच्या बोटी, फेऱ्या, पर्यटकांच्या बोटी एवढी गर्दी असते की शिकणाऱ्याने तिकडे फिरकूच नये. खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या, बांधात जिथे मानस (पाणी आतबाहेर सोडायचं दार) असतं तिथूनही दूर राहा. ओहोटीला त्या दारांतून पाणी दणकन बाहेर पडतं, आणि तिथे मासे धरणाऱ्यांची जाळीही असतात. काठाजवळचे खुंट म्हणजे कुणाची तरी रोजीरोटी आहे, त्यांना वल्हं लावायचं नाही.

मांडवी आणि जुवारी यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत. फोंडा तालुक्यातल्या दुर्भाटला पौषातल्या अमावास्येला मातीची मगर करून तिची पूजा करतात, मांगे थापणी म्हणतात तिला. पाण्याकाठी राहणाऱ्यांनी तिचं अस्तित्व असं मानलेलं आहे. आपणही मान राखावा आणि शिकायला तो कालवा निवडू नये.

शरीर आणि बोट

तळहाताला फोड येणारच. फुटला तर कातडी ओढून काढू नका. धुवा, सुकवा, पट्टी लावा आणि दोन दिवस मशीनवरही बसू नका. हातमोजे मी वापरत नाही, त्याने मुठीवरची बोटांची जाण जाते. कंबर दुखली तर समजा पाठ गोल होतेय किंवा पाय संपण्याआधी धड उघडतंय. दुखणं अंगावर काढत पुढे जाऊ नका, हालचाल दुरुस्त करा.

आपल्या दमट हवेत तासाभरात घाम किती जातो ते कळत नाही. निघताना थोडी पेज, सोबत मीठ घातलेलं कोकमाचं पाणी, डोक्यावर टोपी. पाण्यावरून परावर्तित होणारं ऊन हनुवटीखालीही भाजतं.

परत आल्यावर बोट गोड्या पाण्याने धुवायचीच. भरतीचं पाणी खारं असतं; पाटीची चाकं, रूळ, गेटचे स्क्रू सगळं गंजतं. रूळ फडक्याने पुसा. काळा चिकट मळ निघतो, तो रोज निघाला पाहिजे.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर नदीवर जायचं नाही. पाणी लाल, प्रवाहात ओंडके, तोंडाशी समुद्र खवळलेला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीलाही बंदी असते. बोटी उलट्या करून शेडमध्ये बांधून ठेवतो. हे चार महिने मशीन, तलाव आणि मांड्यांचा व्यायाम यांचे. साचलेल्या पाण्यात जखमी पाय घालू नका, लेप्टोच्या तापाचा काळ असतो.

गणपती गेले, पाऊस ओसरला, पाण्याचा लाल रंग उतरू लागला की मी कालनिर्णय काढून ऑक्टोबरपासून पुढच्या नवम्या, दशम्या आणि एकादशा पेन्सिलीने गोल करतो. नवीन येणाऱ्यांना त्यातल्याच तारखा देतो: सकाळी साडेसहाला धक्क्यावर, आणि पहिली पंधरा मिनिटं फक्त पाणी बघायचं.